जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा काय?



गेल्या वर्षी वळवाचा पाऊस पडून गेल्यावर एका गावी हुमणीच्या बंदोबस्ताची बैठक होती. बैठक आटोपून मी मोटारसायकलकडे निघालो, तोच एक ओळखीचे शेतकरी पुढे आले. म्हणाले, "साहेब, शेतीचं नाही, दुसरंच विचारायचंय. थोरलीचा लॅपटॉप लई सावकाश चालतो. शेजारचा पोरगा म्हणतो, ह्याचा प्रोसेसर बदला. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. नवा घ्यायचा तर दावणीची कालवड विकावी लागंल. तुम्ही काय सांगता?"

हा प्रश्न त्या एकट्यांचा नाही. कुणी मुलांच्या शिक्षणासाठी, कुणी दूध डेअरीच्या हिशेबासाठी, कुणी महाडीबीटीवरचे अर्ज भरण्यासाठी जुना लॅपटॉप घेतलेला असतो. दोन-तीन वर्षांत तो अडखळू लागतो आणि घरात खर्चाचा विषय निघतो. मी शेतीचा पदवीधर, संगणकाचा इंजिनिअर नव्हे. पण आमच्या कचेरीत यंत्र अडले की तालुक्याहून माणूस येण्याची वाट पाहण्यापेक्षा झाकण उघडून पाहण्याची सवय मला लागली. त्यात दोनदा नुकसानही सोसले. तो अनुभव तुमच्या उपयोगी पडावा म्हणून हे लिहितो.

आधी परीक्षण, मग उपचार

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपमधील हिशेब करणारा भाग. त्याच्या जोडीला दोन भाग असतात. चालू काम जिथे मांडून ठेवले जाते ती रॅम, आणि सर्व माल कायमचा साठवला जातो ती डिस्क. यांपैकी एक मागे पडला की बाकीचे दोन्ही खोळंबतात. म्हणून माती परीक्षण न करता खत टाकू नये, तसे हे तीन भाग तपासल्याशिवाय प्रोसेसर विकत घेऊ नये.

परीक्षण सोपे आहे. लॅपटॉपवर विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावी. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. नेहमीचे काम सुरू ठेवून दहा मिनिटे पाहावे. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ राहत असेल तर दोष फिरत्या हार्डडिस्कचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. हे दोन्ही ठीक असून सीपीयूच १०० टक्क्यांवर अडून बसत असेल, तरच प्रोसेसरकडे वळावे.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे धूळ. आपल्या घरांत चुलीचा धूर, भुसा, कापसाची तूस यांची कमतरता नाही. पंख्याची जाळी बुजली की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. पुष्कळदा नुसती जाळी साफ केली तरी लॅपटॉप हलका होतो. त्याला खर्च नाही.

त्या शेतकऱ्यांच्या घरी मी परीक्षण केले तेव्हा डिस्कचा आकडा शंभरावरून हलत नव्हता. रॅम होती अवघी ४ जीबी. मुलगी बी.कॉम.ला होती आणि तिला टॅलीचा सराव करायचा होता. त्या कामाला प्रोसेसर पुरेसा होता. आम्ही हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली. सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घेणारे यंत्र अर्ध्या मिनिटात उभे राहू लागले. कालवड दावणीलाच राहिली. या वर्षी ती व्यायली.

कोणाचा बदलतो, कोणाचा नाही

प्रोसेसर बदलणे सर्वच लॅपटॉपमध्ये शक्य नसते. काहींत तो खोबणीत बसवलेला असतो, तर काहींत मदरबोर्डला सोल्डर केलेला असतो. सोल्डर केलेला घरी निघत नाही. तसला बाहेरून बदलून घेणेही परवडत नाही.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर नावावरून अंदाज येतो. उदाहरणार्थ "आय-५ ३३२०एम". यातील चार आकड्यांपैकी पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. दुसरी पिढी २०११ साली आली, तिसरी २०१२ साली आणि चौथी २०१३ साली. या तीन पिढ्यांत शेवटी "एम" किंवा "क्यूएम" (चौथ्या पिढीत "एमक्यू") असेल तर तो बहुधा खोबणीतला असतो. शेवटी "यू" किंवा "एचक्यू" असेल तर सोल्डर केलेला समजावा. पाचव्या पिढीपासून पुढचे लॅपटॉपचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे सोल्डर केलेलेच येतात. काही मॉडेलांत "एम" अक्षर असूनही प्रोसेसर पक्का केलेला असतो. म्हणून कंपनीची त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माझी चूक

माझ्या पुतण्याचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा होता. मी चौथ्या पिढीचा प्रोसेसर स्वस्त मिळाला म्हणून घेऊन आलो. नवा म्हणजे चांगला, एवढाच माझा विचार. घरी येऊन पाहतो तो पिनांची मांडणीच वेगळी! तिसऱ्या पिढीच्या खोबणीला ९८८ पिनांचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीची खोबण निराळी आहे. विकणाऱ्याने माल परत घेतला नाही, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता.

दुसरी चूक उष्णतेची. प्रत्येक प्रोसेसरला वॅटचा आकडा ठरलेला असतो. माझ्या एका लॅपटॉपची थंड करण्याची सोय ३५ वॅटची होती. त्यात मी ४५ वॅटचा बसवला. पंखा रात्रंदिवस घोंघावू लागला आणि वेग मात्र पहिल्याइतकाच राहिला. लहान विहिरीवर मोठी मोटार बसवून पाणी वाढत नाही, हे मी इतरांना सांगत आलो होतो. स्वतःच्या टेबलावर विसरलो.

म्हणून चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: खोबण, पिढी, वॅट आणि बायॉस. बायॉस म्हणजे लॅपटॉप सुरू होताना पहिल्याने चालणारा प्रोग्रॅम. नवा प्रोसेसर ओळखणे त्याचे काम. खोबण तीच असली तरी बायॉसने ओळखले नाही तर यंत्र सुरू होत नाही. बायॉस ताजे करायचे असल्यास जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच करावे.

जिथे बदल कामी आला

लग्नाचे चित्रीकरण करणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्याकडे थिंकपॅड टी ४३० होता, आय-३ ३११०एम प्रोसेसरचा. एसएसडी आणि १६ जीबी रॅम त्याने आधीच घातली होती. तरी संध्याकाळी सातला लावलेली फिल्म तयार व्हायला रात्रीचा एक वाजे, आणि तोवर यंत्राला हात लावता येत नसे. इथे सीपीयूचा आकडा सतत शंभर होता. म्हणजे दोष खरोखर प्रोसेसरचा.

आम्ही आय-७ ३६३२क्यूएम निवडला. जुन्यात दोन कोर, यात चार. दोन्ही ३५ वॅटचेच, दोन्ही तिसऱ्या पिढीचे, एकाच खोबणीचे. वापरलेला माल घेतला, पण पिना भिंगाखाली पाहून आणि परतीची बोली करून. आता तीच फिल्म रात्रीची जेवणे आटोपून अंथरुणे घालेपर्यंत तयार होते. मोसमात तो पूर्वीपेक्षा जास्त लग्ने घेतो.

प्रत्यक्ष काम

१) सर्व कागदपत्रे व फोटो दुसरीकडे उतरवून ठेवावे.

२) चार्जर व बॅटरी काढून सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

३) स्क्रू लांबीने वेगवेगळे असतात. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटवून ठेवावा.

४) पंख्याची तार सोडवून, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावे. एकदम उपटू नये.

५) खोबणीच्या कडेला एक चपटा स्क्रू असतो. तो अर्धा फिरवला की कुलूप उघडते. प्रोसेसर सरळ वर उचलावा.

६) नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर त्रिकोणाची खूण असते. ती खोबणीच्या खुणेशी जुळवून अलगद ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने बसतो. दाबावा लागला तर समजावे की काहीतरी चुकले. वाकलेली पिन क्वचितच पूर्ववत होते.

७) जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावावी आणि नळी पुन्हा आळीपाळीने आवळावी.

८) सुरू झाल्यावर बायॉसमध्ये नव्या प्रोसेसरचे नाव दिसते का ते पाहावे. मग भारी काम लावून तापमान पाहावे. ते ९० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काम साधले.

हात थरथरत असतील किंवा धीर होत नसेल तर जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावे. यात कमीपणा नाही. बैलाला पत्री आपण स्वतः मारत नाही.

खर्चाचा हिशेब

प्रोसेसर बदलून यंत्राचे वय कमी होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या खोबणीत तो बसत नाही. म्हणून विंडोज ११ साठी कोणी प्रोसेसर बदलायला सांगत असेल तर ऐकू नये. इंटरनेट, अर्ज, पत्रे आणि अभ्यास यांसाठी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली अशा यंत्रावर चांगली चालते. मराठीही लिहिता येते. टॅलीसारखे काही प्रोग्रॅम मात्र विंडोजच मागतात, हे आधी पाहावे.

माझा साधा नियम असा. सगळा खर्च बरा वापरलेला लॅपटॉप घेण्याच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर हात आवरावा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. खर्चाचा क्रमही ठरवून घ्यावा: आधी सफाई, मग एसएसडी, मग रॅम आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर.

काढलेले भाग आणि फुगलेली बॅटरी मात्र उकिरड्यावर टाकू नये. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि शेतातले आपल्या ताटात येते. तालुक्याच्या गावी ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे ते द्यावे.

घरातल्या मुलाने लॅपटॉप चालत नाही म्हटले की लगेच रागावू नका, आणि लगेच बाजारही गाठू नका. दहा मिनिटे त्याच्याशेजारी बसून तो टास्क मॅनेजर पाहा. दोष कुठे आहे हे कळले म्हणजे पैसे कुठे घालायचे हेही कळते, आणि दावणीचे जनावर दावणीलाच राहते.