ट्यूबाचा चढा स्वर

बँडमधला तो अगडबंब ट्यूबा बेसूर झाला, की वरचे कर्णे कितीही सुरात असोत, सगळा डोलारा कलतो. आणि मौज म्हणजे दोष बहुधा वादकाचा नव्हे, नळीचा! १८ फुटी नळीत अर्धा स्वर उतरवायला सुमारे १३ इंचांची जोड लागते. पण पहिल्या व्हॉल्व्हने नळी आधीच लांबवली असेल, तर त्याच कामाला जवळजवळ साडेचौदा इंच हवेत. दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी असतात तेराच. स्वर चढा लागतो. १८३५ मध्ये बर्लिनच्या विप्रेश्ट आणि मोरित्झ यांनी पेटंट घेतलेल्या ट्यूबाला पाच व्हॉल्व्ह होते. पुढे लंडनच्या ब्लेकलींनी युक्ती लढवली: शेवटचा व्हॉल्व्ह दाबला, की हवा मागे फिरून बाकीच्यांच्या छोट्या जोडनळ्यांतून पुन्हा जाते. झकास, पण वजन वाढते, दमही अधिक लागतो. अमेरिकेत पुष्कळ वादक डाव्या हाताने नळी सरकवत, कानानेच स्वर जुळवतात.