कार्यालयाच्या माथ्यावरचा घुमट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा भव्य घुमट फलाटांवर किंवा प्रवाशांच्या दालनावर उभा असावा असे पाहणाऱ्याला सहज वाटते. प्रत्यक्षात त्याच्याखाली रेल्वेच्या मुख्य कार्यालयाचा जिना आहे, आणि या वास्तूचा स्वभाव तिथूनच उलगडू लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली, त्याच परिसरात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८७८ मध्ये नवे बांधकाम आरंभले, तेव्हा कंपनीला स्थानकाइतकेच आपला रुबाब मिरवणारे मुख्यालयही हवे होते. म्हणूनच वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी दर्शनी मान कार्यालयाला दिला, त्याच्या भुजा मधल्या बागेभोवती पसरवल्या आणि फलाट लगतच्या शेडमध्ये ठेवले.

इमारतीची शैली व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील चर्चबांधणीच्या टोकदार कमानी आणि उंच मनोरे यांचे एकोणिसाव्या शतकात झालेले पुनरुज्जीवन. घुमट मात्र त्या परंपरेत सहसा न आढळणारा आहे: अष्टकोनी पायावरच्या त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाचांनी अडकवलेल्या असून, खालून लाकडी साच्याचा आधार न देता तो रचला गेला, आणि हे त्या काळी मोठेच धाडस होते. त्याच्या शिखरावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक घेतलेली प्रगतीची स्त्रीमूर्ती आहे, तर प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि भारताचा वाघ बसवलेले आहेत.

तरीही वास्तूचा खरा जिवंतपणा या उंच प्रतीकांत नसून खालच्या नक्षीकामात आहे. सर ज. जी. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात त्याला लागला आणि परक्या साच्यातल्या दगडावर इथले मोर, माकडे, पाने-वेली अवतरल्या. भिंतींवरील उठावातल्या चेहऱ्यांमध्ये रेल्वेसाठी झटलेले जगन्नाथ शंकरशेट आहेत, याचा मराठी वाचकाला विशेष अभिमान वाटावा.

सामान्य प्रवाशाच्या वाट्याला आलेले सर्वांत देखणे दालन म्हणजे तिकीटघर, ज्याच्या निळ्या छतावर सोनेरी तारे रंगवलेले असल्याने ते स्टार चेंबर म्हणून ओळखले जाते. २००४ मध्ये युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारसास्थळ ठरवले. पण संग्रहालयासारखे जतन होण्याऐवजी ते रोज लाखो प्रवाशांची वर्दळ पेलते, आणि त्यामुळे दुरुस्तीचे प्रत्येक काम गाड्यांचे वेळापत्रक सांभाळूनच करावे लागते.