निसर्गछायाचित्र आणि दुसरी नजर

सुटीच्या दिवशी पहाटेच उठून, गळ्यात कॅमेरा अडकवून पाणवठ्याच्या वाटेला लागणारी मंडळी आता आपल्या सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. त्यांत कोणी शिक्षक असतो, कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, तर कोणी बँकेत नोकरी करणारा. पुण्याची मंडळी भिगवणला उजनीच्या जलाशयावर जातात, मुंबईची ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला जातात, तर बंगळुरूची मंडळी कावेरीकाठच्या रंगनथिट्टूची वाट धरतात. परतल्यावर टिपलेली चित्रे घरच्यांना, मित्रांना दाखविली जातात आणि 'वा, सुंदर!' अशी मनापासून दाद मिळते. ही दाद सुखावणारी असते, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे पुढचे चित्र सुधारत नाही. ते सुधारते, ज्याने स्वतः चिखलात बसून पक्ष्याची वाट पाहिली आहे अशा समव्यसनी माणसाने 'चांगले आहे, पण...' असे म्हटल्यावर. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांतून परस्परांच्या चित्रांची जी समीक्षा चालते, ती या 'पण'वर उभी आहे. आणि हा 'पण' केवळ चित्रालाच उपकारक असतो असे नाही. ज्याचे चित्र काढले त्या पशुपक्ष्यालाही तो तारणारा ठरू शकतो.

मंडळांची परंपरा

छायाचित्रे एकत्र बसून पाहण्याची व त्यांवर चर्चा करण्याची परंपरा आपल्याकडे छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली स्थापन झालेली संस्था पुढे रॉयल फोटोग्राफिक सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. त्यानंतर अवघ्या वर्षभरात, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी निगडित होते. व्यवसायाने वैद्यक आणि छंदाने छायाचित्रकार, ही जोडी आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५३ साली, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही देशपातळीवरील संस्था अस्तित्वात आली, तर १९७१ मध्ये बंगळुरूत यूथ फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली.

निसर्गछायाचित्रणाच्या बाबतीत दक्षिण भारताने विशेष कामगिरी बजावली. मद्रासचे एम. कृष्णन हे निसर्गलेखक आणि कृष्णधवल छायाचित्रकार. त्यांनी १९५० पासून १९९६ मध्ये निधन होईपर्यंत 'द स्टेट्समन'मध्ये निसर्गविषयक सदर लिहिले. संडूरच्या मराठा राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे हे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे नामवंत छायाचित्रकारही. बंगळुरूचे टी. एन. ए. पेरुमल यांनी तर स्वतःच्या चित्रांइतकेच लक्ष नवोदितांच्या चित्रांकडे दिले. अनेक पिढ्यांनी त्यांच्याकडून चित्र कसे पाहावे याचे धडे घेतले. पेरुमल यांचे २०१७ साली निधन झाले.

त्या काळी चूक महाग पडे. फिल्मच्या एका रिळात ३६ चित्रे, आणि ती कशी आली हे धुऊन होईपर्यंत कळत नसे. कोडॅक्रोम या प्रसिद्ध रंगीत फिल्मची एक प्रचलित क्षमता होती ६४. आजचा साधा डिजिटल कॅमेरा ३२०० या क्षमतेवर, म्हणजे त्याच्या ५० पट संवेदनशीलतेने, सहज काम करतो. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले. साधने बदलली, चित्रांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली. परंतु कोणते चित्र ठेवावे आणि कोणते टाकावे हे सांगणाऱ्या दुसऱ्या नजरेची गरज कमी झाली नाही. किंबहुना ती वाढलीच.

चित्र पडद्यावर येते तेव्हा

अशा मंडळाच्या बैठकीची कल्पना करू या. पडद्यावर एक चित्र येते: काठीवर बसलेला खंड्या, चोचीत मासा. चित्रकाराचे नाव सांगितलेले नाही. क्षणभर सगळे नुसते पाहतात. मग एक जण म्हणतो, "डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नाही, त्यामुळे पक्षी निर्जीव वाटतो." दुसरा सांगतो, "चित्र वरून घेतले आहे. कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर आला असता, तर मागची पाण्याची पातळी दूर जाऊन पार्श्वभूमी मऊ झाली असती." तिसऱ्याला वाटते की पक्षी ज्या दिशेने पाहतो आहे तिकडे चौकटीत मोकळी जागा हवी होती. चौथा मात्र विचारतो, "मागे दिसणारी ती वाकडी फांदी खंड्याच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते, हे कोणाच्या लक्षात आले का?" चित्रकाराने हे चित्र आठवडाभर रोज पाहिले असेल, पण ती फांदी त्याला दिसली नव्हती. मासा पकडल्याचा क्षण आठवत तो चित्र पाहत होता. इतरांजवळ ती आठवण नसल्यामुळे त्यांना केवळ चित्रच दिसले.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासावी असा जो दंडक आहे, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पहिल्याच्या प्रामाणिकपणाविषयी तेथे शंका नसते. स्वतःचे काम स्वतःला संपूर्ण दिसत नाही, हा मनुष्यस्वभाव त्यात गृहीत धरलेला असतो.

चर्चेतून तंत्राचे धडेही मिळतात. बगळ्यांचे उदाहरण घ्यावे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे मानून चालतो. चौकट पांढऱ्या बगळ्यांनी भरली की तो प्रकाश कमी करतो आणि बगळे मळकट दिसतात. उलट, गर्द झाडीपुढे एकच बगळा उभा असेल तर तो झाडीसाठी प्रकाश वाढवतो आणि बगळ्याची पिसे पांढऱ्या डागासारखी सपाट होतात. पहिल्या वेळी प्रकाश हाताने वाढवावा लागतो, दुसऱ्या वेळी कमी करावा लागतो. पुस्तकात वाचलेले हे सूत्र आपल्याच बिघडलेल्या चित्रावर कोणी बोट ठेवून समजावले, की ते जन्मभर विसरत नाही.

सौंदर्याकडून जाणकारीकडे

मंडळात एखादा तरी पक्षीनिरीक्षक किंवा वनस्पतींचा अभ्यासक असतो, आणि त्याचा प्रश्न निराळा असतो: "हा कोणता बगळा?" छोट्या बगळ्याची चोच व पाय काळे आणि पायांची बोटे पिवळी असतात, गायबगळ्याची चोच पिवळी असते, मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेषा डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. चित्रात पाय चौकटीबाहेर कापले गेले असतील, तर ओळखीची एक मोठी खूण हरवते. म्हणजे रचनेतील दोष येथे माहितीतील दोष ठरतो. चित्रासोबत तारीख, ठिकाण व पक्ष्याचे वर्तन लिहून ठेवण्याची सवय अशाच प्रश्नांतून लागते. सुंदर चित्र भिंतीवर टांगले जाते. तारीख व ठिकाण असलेले चित्र अभ्यासकाच्याही उपयोगी पडते.

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थांनीही हेच मूल्य अग्रक्रमाने मानले आहे. फियाप हा १९५० साली स्थापन झालेला छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्गछायाचित्राची एकच सामायिक व्याख्या स्वीकारली असून ती २०१५ पासून लागू झाली. तिच्यानुसार चित्र निसर्गाविषयी काय सांगते याला, ते किती देखणे आहे यापेक्षा अधिक महत्त्व द्यावयाचे असते. चित्राच्या कडा कापता येतात. मात्र चित्रातील वस्तू पुसणे, नवी जोडणे किंवा हलविणे चालत नाही. मानवनिर्मित गोष्टी सहसा वर्ज्य असल्या, तरी माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांचा अपवाद केलेला आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेळ्ळूर नावाचे गाव आहे. तेथे चित्रबलाक आणि पेलिकन हे मोठे पाणपक्षी गावातल्या झाडांवरच घरटी करतात व गावकरी त्यांना सांभाळतात. अशा ठिकाणी घराचे छप्पर चित्रात आले, तर ते त्या पक्ष्याच्या जीवनकथेचाच भाग असते.

चित्रात न दिसणारा प्रश्न

समीक्षेतील सर्वांत अवघड प्रश्न मात्र चित्रात दिसतच नाही. तो प्रश्न म्हणजे: "हे चित्र तुम्हाला मिळाले कसे?"

घरट्यातील पिलांना भरविणाऱ्या पक्ष्याचे चित्र कोणालाही मोहक वाटते. जुन्या काळी भिंगे कमी पल्ल्याची आणि फिल्म मंद असल्याने, लपणात बसून घरट्याची चित्रे घेणे सर्वमान्य होते. पक्षी कोठे येणार हे निश्चित असे, हे त्याचे मुख्य कारण. आज परिस्थिती वेगळी आहे. एका घरट्यासमोर दहा-वीस कॅमेरे उभे राहिले, की आईबाप घरट्याकडे फिरकत नाहीत आणि पिले उपाशी राहतात. चित्र स्पष्ट यावे म्हणून घरट्यापुढची पाने छाटली, तर पिलांवरची सावली जाते आणि कावळ्यांना व शिकऱ्यांना घरटे उघडे पडते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देण्याचाही समावेश होतो. हातात बंदूक नसतानाही माणूस शिकारी ठरू शकतो, हे अनेक हौशी छायाचित्रकारांना ठाऊक नसते. म्हणूनच घरट्याची चित्रे स्वीकारायचीच नाहीत, असे धोरण आता अनेक व्यासपीठांनी ठेवले आहे.

आमिष दाखवून ससाण्याला बोलावणे, ध्वनिमुद्रित साद पुन्हा पुन्हा वाजवून नराला आपल्या हद्दीच्या रक्षणासाठी धावडविणे, रात्री घुबडाच्या डोळ्यांवर वारंवार प्रखर प्रकाश टाकणे, ही याच जातीची उदाहरणे. मोबाइल व काही कॅमेरे चित्राच्या फाइलमध्ये नेमके स्थळही नोंदवितात. दुर्मीळ ऑर्किडचे किंवा घुबडाच्या ढोलीचे चित्र त्या नोंदीसह पुढे गेले, तर गर्दीला आणि तस्करालाही पत्ता मिळतो. अभ्यासकाला स्थळ सांगावे, सर्वांना सांगू नये, हा विवेक मंडळात बसूनच शिकता येतो.

जाणकारांच्या नजरेने काय साधते, हे दोन मोठ्या घटनांवरून दिसून आले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो लांडगा पाळीव असावा अशी शंका इतर छायाचित्रकारांनी घेतली. चौकशीअंती परीक्षकांना तसेच वाटले आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. पुढे २०१७ मध्ये पारितोषिक मिळालेल्या एका चित्रातील मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला, आणि २०१८ मध्ये तेही चित्र बाद झाले. दोन्ही छायाचित्रकारांनी आक्षेप नाकारले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु तांत्रिक गुणांत कोठेही कमी नसलेली ही चित्रे प्राण्याच्या ओळखीच्या आणि सत्यतेच्या प्रश्नावर अडली, ही बाब बोलकी आहे.

टीका करावी कशी, ऐकावी कशी

टीका हीसुद्धा एक कला आहे. प्रथम चित्रात काय साधले आहे ते सांगावे, मग काय खटकले ते कारणासह सांगावे, आणि शेवटी उपाय सुचवावा. 'आवडले नाही' एवढेच म्हणणे म्हणजे मत झाले. 'पार्श्वभूमीतील पिवळा पट्टा नजर पक्ष्यावरून खेचून घेतो, दोन पावले डावीकडे सरकला असता तर तो टळला असता' असे म्हणणे म्हणजे समीक्षा. नुसती स्तुती करणारा मित्र वाटतो. पण वेळ काढून चित्र नीट पाहणारा आणि त्यातील उणीव सांगणारा अधिक मोलाचे काही देऊन जातो.

ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. "मी तीन तास चिखलात बसलो होतो" हे उत्तर कितीही खरे असले, तरी ते तीन तास चित्रात दिसत नाहीत. म्हणून बोलणाऱ्यांचे संपेपर्यंत चित्रकाराने मौन पाळावे, सूचना टिपून घ्याव्यात आणि त्याच जागी पुन्हा जाऊन त्या पडताळून पाहाव्यात. सर्व सूचना मान्य केल्याच पाहिजेत असेही नाही. दहा जणांचे दहा सल्ले ऐकून सगळ्यांची चित्रे एकसारखी होऊ लागली, तर तोही समीक्षेचा पराभवच म्हणावा लागेल. तंत्राविषयीची सूचना तपासून स्वीकारावी, रुचीविषयीची आपल्या विवेकाने. मात्र प्राण्याच्या सुरक्षिततेविषयी कोणी प्रश्न विचारला, तर तेथे तडजोड नसावी. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या निसर्गविभागाच्या आचारसंहितेचा गाभाही हाच आहे: चित्रापेक्षा जिवाचे हित मोठे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या संगणकात वा मोबाइलमध्ये अशी शेकडो चित्रे पडून असतील. चार-पाच समान छंदाच्या व्यक्तींनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, प्रत्येकाने तीनच चित्रे आणावीत, नावे झाकून ती पाहावीत आणि मोकळेपणाने बोलावे. मोठे कॅमेरे किंवा संस्थेचे सभासदत्व यांवाचूनही हे जमते. काही महिन्यांतच चित्रांत फरक पडलेला दिसेल. आणि एखाद्या सकाळी घरट्यासमोर कॅमेरा उचलताना मित्राचा तो प्रश्न आठवून हात थबकला, चित्र न घेताच आपण मागे फिरलो, तर त्या पिलांच्या पदरात त्या चर्चेचे फळ पडले असे समजावे.