मोटारीची तहान

मालवणचा किनारा सोडून कुडाळ व सावंतवाडीवरून आंबोलीकडे निघालेली मोटार दाणोलीपर्यंत मजेत धावते. तेथून पुढे घाट लागतो. एका बाजूस दरड, दुसऱ्या बाजूस दरी आणि समोर वळणामागून वळण! समुद्रकाठाहून निघालेल्या ह्या वाहनाला सुमारे ६९० मीटर उंची गाठावयाची असते. वैशाखाच्या उन्हात अशा घाटात एखादी मोटार कडेला उभी असते, तिचे बॉनेट उघडलेले असते आणि आतून वाफेचे लोट निघत असतात. मोटार जुनी असावी, असे पाहणारा समजतो. परंतु नवी, वेगवान आणि मोठ्या किमतीची स्पोर्ट्स कारही ह्या संकटातून सुटतेच असे नाही. असे का व्हावे?

मोटारीचे इंजिन ही एक भट्टीच होय. पेट्रोल जळते त्या क्षणी सिलिंडरमधील वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा बनवितात, ते शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच वितळते! पेट्रोलपासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते. उरलेल्या उष्णतेचा बराचसा भाग वाहून नेण्याचे काम पाण्याकडे असते. एक पंप हे पाणी सिलिंडरांभोवती खेळवितो. तापलेले पाणी पुढील बाजूच्या रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून वाहते, समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात शिरते. वारा अपुरा पडला तर मदतीला पंखा असतो.

घाटात नेमका हाच मेळ बिघडतो. चढावर मोटार खालच्या गिअरमध्ये चालते. इंजिन भराभर फिरते, पेट्रोल अधिक जळते, उष्णता वाढते. पण गाडीची गती मात्र बैलगाडीला हसू येईल इतकी मंदावते. मग समोरून वारा कोठून मिळणार? स्पोर्ट्स कारची अडचण तर आणखी निराळी. तिचे इंजिन फार जोरकस, नाक मात्र बुटके आणि वारा आत घेण्याच्या वाटा बहुधा भरधाव गतीच्या हिशेबाने आखलेल्या. मोकळ्या रस्त्यावर जी रचना उत्तम, तीच मालमोटारीच्या मागे रखडताना अपुरी पडू शकते.

उंचीचाही ह्यात वाटा आहे. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. आंबोलीला हा फरक दोन-अडीच अंशांचाच. तेव्हा तेथे खरा दोष चढाचा, उंचीचा नव्हे. पण लडाखमधील खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ८२-८३ अंशांनाच उकळू लागते. शिवाय तेथील विरळ हवा रेडिएटरमधील उष्णताही कमी उचलते. साध्या इंजिनाची शक्ती विरळ हवेत घटते, म्हणून ते निर्माणही कमी उष्णता करते. टर्बो जोडलेले इंजिन मात्र हवा दाबून आत घेते, शक्ती बरीचशी टिकविते आणि त्याबरोबर तापही टिकविते.

पाणी लवकर उकळू नये म्हणून ते दाबाखाली ठेवतात. स्वयंपाकघरातील कुकरसारखाच हा प्रकार. घट्ट झाकणामुळे आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो आणि समुद्रकाठी पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. धोका आहे तो येथेच. समजा, आतील पाणी ११५ अंशांवर आहे. कोणी घाईने झाकण फिरविले की दाब एकदम नाहीसा होतो, काही पाण्याची तत्काळ वाफ होते आणि ती उरलेले पाणी कारंज्यासारखे तोंडावर उडविते. मदतीला धावलेली माणसे ह्यामुळेच भाजतात. फडके हाती धरले म्हणजे भागले, हा समज खोटा आहे.

हल्ली रेडिएटरमध्ये नुसते पाणी नसते. त्यात ग्लायकॉल व गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू थोडा वर जातो. हिमालयातील थंडीत पाणी गोठून इंजिन फुटण्याचे भयही टळते. समुद्राचे किंवा खाडीलगतच्या मचूळ विहिरीचे पाणी मात्र त्यात कधीही घालू नये. क्षार नळ्यांत साचतात आणि धातू कुरतडतात.

जाणता चालक काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करतो आणि गाडीतील हीटर पूर्ण सोडतो. उन्हाळ्यात हा वेडेपणा वाटेल. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच! काटा तरीही उतरला नाही, तर तो सुरक्षित जागी गाडी उभी करतो. वाफ दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करतो आणि झाकणाला हात न लावता अर्धा-पाऊण तास थांबतो. तापलेल्या इंजिनावर तो धबधब्याचे थंड पाणीही ओतत नाही. धातू एकाएकी आकसून तडकतो.

परतीच्या वाटेवर उतार लागला की इंजिनाला फारसे श्रम पडत नाहीत, काटा आपोआप खाली येतो. तेथे तापण्याची पाळी ब्रेकांची असते.