कॉलनीतली नवी बिऱ्हाडं

सांगलीच्या गावभागातल्या एका घराची गच्ची. दसरा आठवड्यावर आलाय, पावसानं नुकतीच उघडीप दिलीय. आप्पा फरशीवर मांडी घालून बसलेत. समोर पॅकिंगच्या पेट्या सोडवून काढलेल्या पाइनच्या फळ्या, करवत, गुण्या, कानस. मागे भिंतीला लागून जाळीची खोली, पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीत कॉलनी. आत झेब्रा फिंचच्या चार जोड्यांची अखंड कलकल चाललीय. मधल्या जाळीपलीकडे गोल्डियन फिंचची एकच जोडी, गप्प. झेब्रा अंगानं एवढेसे, जेमतेम बारा ग्रॅमचे, पण दुसऱ्याचं घर बळकावण्यात पटाईत. म्हणून मध्ये ही जाळी.

कोपऱ्यात मडकी उपडी घातलीत. आपल्याकडे फिंचला सर्रास मडकंच टांगतात, आणि पक्षी ते आनंदानं घेतातही. आप्पांनी मात्र यंदा मडकी काढली. ‘‘आत हात जात नाही. लाल किडे झाले तरी कळत नाही. रात्रीत पिल्लांचं रक्त पितात ते.’’ त्यामुळे नव्या घरांची झाकणं सरकती आहेत, आणि तळही काढून धुता येतो.

चार कप्प्यांची एकच लांब पेटी तयार होतेय. प्रत्येक कप्पा पाच इंच लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. समोरची बाजू अर्धीच बंद. खालची अडीच इंचांची पट्टी अंडी घरंगळू नयेत म्हणून, वरचा भाग उघडा. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळावर झेब्रा फिंच काटेरी झुडपात गवताचं घुमटासारखं घरटं बांधतो आणि बाजूनं आत शिरतो. इथं घुमटाचं काम लाकूड करतं, आतलं विणकाम तो करेलच.

मला सगळ्यात आवडते ती मधल्या पडद्यांची युक्ती. कप्प्यांमधल्या फळ्या आप्पांनी दर्शनी बाजूला दोन-दोन बोटं पुढे काढल्यात. दारात बसलेल्या नराला शेजारचा नर दिसत नाही. दिसला की भांडण, आणि भांडणात अंडी फुटतात. चारही घरं एका ओळीत, एका उंचीवर. एखादं वर टांगलं असतं, तर सगळे त्याच्यावरच तुटून पडले असते.

आप्पा कडांवरून कानस फिरवतात, मग पॉलिश पेपर, मग स्वतःचा अंगठा. खिळ्याचं टोक आत आलंय का, तेही बोटानंच चाचपतात. झाकणाखाली हवेसाठी गिरमिटानं बारीक भोकं. रंग नाही, वॉर्निश नाही. पक्षी लाकूड टोचत राहतात, ते त्यांच्या पोटात जायला नको.

गोल्डियनची पेटी वेगळी आहे, खोल, दोन दालनांची. दोन इंची गोल भोकातून आधी लहानशी पडवी, मग आडवी पट्टी, तिच्यापलीकडे अंधारी खोली. उत्तर ऑस्ट्रेलियात हे पक्षी निलगिरीच्या ढोलीत अंडी घालतात. काळोखातल्या पिल्लांच्या चोचीच्या कडांना प्रकाश परावर्तित करणारे निळसर ठिपके असतात, घास कुठं द्यायचा ते आईबापांना त्यावरून उमगतं. अशा पक्ष्याला उघडं घर देऊन कसं चालेल?

ऑस्ट्रेलियानं 1960 साली पक्ष्यांची निर्यात बंद केली. इथले फिंच पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले. आपल्या मुनिया याच कुळातल्या, पण वन्यजीव कायद्यानं त्या पकडायच्या नाहीत, पाळायच्या नाहीत, आणि आप्पांनाही ते मनापासून पटतं. ठिपकेवाल्या मुनियांची एक जोडी आत्ता कठड्यावर उतरलीय, कॉलनीतून बाहेर उडालेलं राळं टिपतेय. त्यांना कुणी हुसकत नाही.

पेटी भिंतीला चढते. नात काथ्या कापून देते, बोटाएवढे तुकडे. लांब दोरा पायात अडकतो, म्हणून सुतळी आणि कापसाचा धागा बाद. थोडा वेळ सगळे पक्षी लांबच्या दांडीवर दाटीवाटीनं बसून राहतात. मग केशरी गालांचा एक नर खाली येतो, चोचीत काथ्याचा तुकडा आडवा धरतो आणि दुसऱ्या कप्प्याच्या पट्टीवर जाऊन बसतो. तुकडा कडेला अडतो. तो मान तिरकी करतो, एक टोक आधी आत घालतो, मग स्वतः शिरतो. मागोमाग करडी मादी. आता तो आणत राहतो, ती आतून बसवत राहते.

‘‘अंडी दिसली की उरलेला काथ्या उचलायचा,’’ आप्पा नातीला बजावतात. ‘‘नाहीतर हा आणतच राहतो आणि अंडी खाली गाडली जातात.’’

‘‘मग पिल्लं कधी?’’

‘‘दोघं आळीपाळीनं नीट बसली तर दोन आठवड्यांत. पण रोज झाकण उघडायचं नाही हं.’’

ती वहीत चार रकाने आखते, प्रत्येक कप्प्याला एक. आप्पा जाळीपलीकडे बघतात. गोल्डियन नर पेटीच्या भोकात डोकावून परत फांदीवर गेलाय.

‘‘पाचवा पण आख,’’ ते म्हणतात.