पत्र व्हीएचं, घरपट्टी काउंटीची

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करताना अपंगत्व आलं, तिथल्या केंद्र सरकारच्या माजी सैनिक खात्यानं, म्हणजे ‘व्हीए’नं, ते मान्य केलं आणि तसं पत्र घरी आलं, की घरपट्टी आपोआप माफ होते असं पुष्कळ कुटुंबं धरून चालतात. तसं होत नाही. व्हीए अपंगत्व ठरवतं, दरमहा भरपाई देतं आणि उपचार करतं. घरपट्टीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ती स्थानिक पातळीवर आकारली जाते, आणि जिनं ती आकारायची त्या काउंटीला तुमच्या पत्राचा पत्ताही नसतो. एका सरकारनं दिलेला हक्क दुसऱ्याच्या खिडकीवर जाऊन स्वतः मागावा लागतो. बाकीचे बरेचसे गैरसमज या एका गोष्टीतूनच फुटतात.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून इथे टेक्सासपुरतं बोलू. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनच्या आसपास मराठी कुटुंबं बरीच आहेत. ग्रीन कार्डावर सैन्यात भरती होता येतं, त्यामुळे आपल्याकडची मुलंही तिथल्या गणवेशात दिसतात. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि राज्य सरकारनं घरपट्टी लावायची नाही असं राज्यघटनेतच आहे. मग शाळा, शहर, काउंटी, काही ठिकाणी हॉस्पिटल आणि कॉलेजही, यांचा खर्च घरांवरच पडतो. त्यात शाळेचा वाटा बहुधा सगळ्यांत मोठा. राज्यात २५४ काउंटी आहेत. घराची किंमत ठरवणं आणि सूट मंजूर करणं हे काम अप्रेझल डिस्ट्रिक्टचं, बिल वसूल करणं टॅक्स ऑफिसचं. बिल हातात घेऊन टॅक्स ऑफिसात गेलेल्या माणसाला तिथून परत पाठवतात ते याच कारणानं. सूट देणं त्यांच्या हातात नसतं.

“नव्वद टक्के अपंगत्व आहे, म्हणजे घरपट्टी नव्वद टक्के कमी.” हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, कारण त्याच्या भरवशावर माणसं घर विकत घेतात. टेक्सासच्या कायद्यात टक्क्यांनुसार सूट आहे, पण ती बिलातून वजा होत नाही, घराच्या करपात्र किमतीतून होते, आणि रक्कम ठरलेली असते. १० ते २९ टक्के अपंगत्वाला ५ हजार डॉलर, ३० ते ४९ ला ७,५००, ५० ते ६९ ला १० हजार, आणि ७० पासून पुढे १२ हजार. ज्याचं वय ६५ किंवा जास्त आहे आणि अपंगत्व किमान १० टक्के आहे, ज्याची एक किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्ण गेली आहे, किंवा ज्याचा हात वा पाय निकामी झाला आहे, त्यालाही १२ हजारच.

आता हिशेब मांडून पाहा. घराची करपात्र किंमत साडेतीन लाख डॉलर, सगळ्या करांचा मिळून दर २ टक्के धरू, बाकीच्या सवलती बाजूला ठेवू. बिल ७ हजार डॉलर. नव्वद टक्के अपंगत्व असलेल्या सैनिकाच्या घराच्या किमतीतून १२ हजार वजा झाले, म्हणजे त्याची वर्षाची बचत २४० डॉलर. शेजारच्या तेवढ्याच घरात शंभर टक्केवाला सैनिक राहत असेल, तर त्याचं बिल शून्य. नव्वद आणि शंभर यांच्यामध्ये ६,७६० डॉलरची दरी आहे. पाठीचा मणका गेलेल्या आणि रात्रीची झोप उडालेल्या दोन माणसांमध्ये इतका फरक करणं मला न्याय्य वाटत नाही. अंशतः अपंगत्वाचे ते ठरीव आकडे राज्यघटनेतच लिहिलेले आहेत. महागाईबरोबर ते आपोआप वाढत नाहीत, आणि वाढवायचे तर मतदारांपुढे जावं लागतं. मधल्या काळात घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या.

पूर्ण माफी २००९ च्या कायद्यानं आली. ती फक्त राहत्या घराला, म्हणजे होमस्टेडला. भाड्यानं दिलेलं दुसरं घर असेल तर त्याला नाही. अंशतः सूट मात्र सैनिकाच्या मालकीच्या कोणत्याही एका मालमत्तेवर घेता येते, मग तो तिथे राहत असो वा नसो. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

शंभराच्या आकड्याबद्दलही गोंधळ आहे. एकाला पाठीसाठी ५०, गुडघ्यासाठी ३० आणि खांद्यासाठी २० टक्के मिळाले. घरच्यांनी बेरीज केली, शंभर झाले, आता घरपट्टी नाही. व्हीए अशी बेरीज करत नाही. त्यांच्या हिशेबात निरोगी माणूस शंभर. पाठीचे ५० गेले, उरले ५०. गुडघ्याचे ३० टक्के त्या उरलेल्या पन्नासातून, म्हणजे १५. आता उरले ३५. खांद्याचे २० टक्के त्या पस्तिसातून, म्हणजे ७. एकूण अपंगत्व ७२, आणि जवळच्या दहाच्या पटीत आणलं की ७०. नव्वदवर पोहोचलेल्याला आणखी १० टक्के मिळाले तरी हिशेब ९१ वर येतो आणि पुन्हा नव्वदच लिहिले जातात. म्हणून पत्रातले वेगवेगळे आकडे मिळवत बसू नये. एकत्रित टक्केवारी कुठे लिहिली आहे ती ओळ शोधावी.

पण त्याच पत्रात आणखी एक ओळ असू शकते, आणि ती नजरेतून सुटली तर फार मोठं नुकसान होतं. टक्केवारी शंभरपेक्षा कमी असली, तरी सेवेतल्या दुखण्यामुळे माणूस पोटापुरती नोकरी टिकवू शकत नाही असं व्हीएनं मान्य केलं, तर भरपाई शंभर टक्क्यांच्या दरानं मिळते. याला तिथे ‘इंडिव्हिज्युअल अनएम्प्लॉयबिलिटी’ म्हणतात. साधारणपणे एकच दुखणं ६० टक्क्यांचं असावं लागतं, किंवा एकत्रित ७० आणि त्यातलं एक तरी ४० चं. टेक्सासात असा सैनिक पूर्ण माफीला पात्र आहे. पत्रावर ‘७० टक्के’ दिसतं म्हणून १२ हजारांच्या सुटीवर समाधान मानून तो वर्षानुवर्षं पूर्ण बिल भरत राहू शकतो. व्हीएच्या संकेतस्थळावरून जे बेनिफिट लेटर उतरवून घेता येतं, त्यात भरपाई कोणत्या दरानं चालू आहे ते दिलेलं असतं. अर्जाला तेच जोडावं.

“मी कुठे लढाईवर गेलो होतो?” हे वाक्य मला सगळ्यांत जास्त टोचतं. कायद्याला लढाई लागत नाही, वीस वर्षांची नोकरी आणि पेन्शनही लागत नाही. दुखणं सेवेमुळे आलं किंवा सेवेत वाढलं, एवढं पुरे. सरावात उडी मारताना फुटलेला घोटा चालतो. विमानांच्या धावपट्टीवर काम करून कानात कायमचा बसलेला आवाज चालतो. किंबहुना कानातला तो आवाज, टिनिटस, हेच अमेरिकी माजी सैनिकांमध्ये सर्वाधिक आढळणारं मान्यताप्राप्त दुखणं आहे. २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर कचरा जाळायच्या खड्ड्यांचा धूर ज्यांच्या छातीत गेला, त्यांचे कित्येक श्वसनविकार आणि कर्करोग सेवेमुळेच झाले असं गृहीत धरायला सुरुवात झाली. आधी दावा नाकारला गेला असेल तर तो पुन्हा मांडता येतो. आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं आहेत, त्यांचं आधी होऊ दे, असं म्हणून गप्प बसणारे सैनिक असतात. त्यांनी अर्ज केला म्हणून दुसऱ्या कोणाच्या वाट्याचं काही कमी होत नाही, हे त्यांना घरच्यांनी सांगायला हवं.

सैनिक गेल्यावर सवलतही गेली, असं समजून बिल भरायला लागलेल्या विधवा आहेत. सुरुवातीला कायदा खरोखरच तसा होता. २०११ च्या नोव्हेंबरात मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि पूर्ण माफी हयात पतीला किंवा पत्नीला पुढे चालू राहू लागली. तरी एक कोपरा राहिलाच. ज्यांचा जोडीदार मूळ कायदा लागू होण्याआधीच वारला, त्यांना काही नव्हतं. तो अन्याय २०१५ च्या मतदानानं दूर केला. अट अशी, की पुनर्विवाह केलेला नसावा आणि जोडीदार गेला तेव्हा ते घर तिचं (किंवा त्याचं) राहतं घर असावं, पुढेही असावं. मुलाजवळ राहायला म्हणून तिनं घर विकून टेक्सासातच दुसरं घेतलं, तर सवलत संपत नाही. जुन्या घराला शेवटच्या वर्षी जितक्या डॉलरांची माफी मिळाली, तितकी नव्या घराला मिळते. अंशतः सूट घेणारा सैनिक वारला, तर तीही जोडीदाराला मिळू शकते. जे सैनिक कामगिरीवर मारले गेले, त्यांच्या जोडीदारांसाठी वेगळी पूर्ण माफी २०१३ च्या मतदानानं आली. २०२१ मध्ये ‘मारले गेले’ याचा अर्थ वाढवून कर्तव्यावरचे जीवघेणे अपघातही त्यात घेतले. सरावात हेलिकॉप्टर पडून गेलेल्याच्या पत्नीला त्यासाठी आठ वर्षं थांबावं लागलं.

मुदत हुकली म्हणून हात टेकायचं कारण नाही. नेहमीच्या अर्जाची मुदत ३० एप्रिल. पण अपंग माजी सैनिकाला, बिल थकीत धरलं जातं त्या तारखेपासून, म्हणजे सहसा १ फेब्रुवारीपासून, पाच वर्षांपर्यंत उशिरा अर्ज करता येतो, आणि भरलेले पैसे परत मिळतात. जोडीदारानं पूर्ण माफीचा अर्ज करायचा असेल तर ही मुदत दोनच वर्षांची आहे. व्हीएचे निर्णय महिनोन्‌महिने अडकतात आणि मग मागच्या तारखेपासून लागू होतात, त्यामुळे ही तरतूद फार कामाची आहे. पत्रात निर्णय कोणत्या तारखेपासून लागू झाला ते पाहून त्या वर्षांचीही सूट मागावी.

आपल्याकडच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन मुलाकडे टेक्सासला गेलेल्या आणि तिथे स्वतःच्या नावावर घर घेतलेल्या गृहस्थांना ही सवलत मिळत नाही, कायद्याला अमेरिकेच्या सैन्यातलीच सेवा लागते. वय ६५ झालं असेल आणि ते घर त्यांचं राहतं असेल, तर ज्येष्ठांची वेगळी सूट मात्र मिळू शकते. आणि महाराष्ट्रात घर असेल तर इथली माफी विसरू नये. २०२० मध्ये राज्यानं बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या घरपट्टीत माफी आणली. तिला अपंगत्वाचे टक्के लागत नाहीत, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. अर्ज ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत. इथेही आपणहून गेल्याशिवाय काही होत नाही.

“म्हणजे बाकीच्यांनी यांचा कर भरायचा” हा आक्षेप मी गैरसमज म्हणून झटकून टाकणार नाही, त्यात तथ्य आहे. माफी जाहीर करतं राज्य, आणि तूट येते गावाच्या तिजोरीत. फोर्ट हूडच्या तळाला लागून असलेल्या किलीन, हार्कर हाइट्स, कॉपरस कोव्ह या गावांत निवृत्त आणि जखमी सैनिक मोठ्या संख्येनं स्थायिक होतात. तळ जवळ, व्हीएचे दवाखाने जवळ, जुने सोबती जवळ. मग त्याच गावांतली घरं करातून गळतात, आणि पोलीस, अग्निशमन, रस्ते यांचा खर्च मात्र तसाच राहतो. २०१५ पासून राज्य अशा गावांना आणि काउंटींना काही भरपाई देतं, पण ठरलेली अट पुरी झाली तरच. माझ्या मते ही जबाबदारी पूर्णपणे राज्यानं उचलायला हवी. देशासाठी केलेल्या सेवेची किंमत तळाशेजारच्या चार गावांनी मोजावी, यात शहाणपण नाही. पण त्याचा दोष सूट घेणाऱ्याच्या माथी मारणं चूक आहे.

काही गोष्टी थोडक्यात. माफी घराला नसते, माणसाला असते. सैनिकाचं घर विकत घेताना जुनं बिल शून्य दिसलं तर फसू नये, नव्या मालकाला पूर्ण बिल येतं. घरमालक संघाची वर्गणी आणि घराचा विमा हे कर नव्हेत, ते भरावेच लागतात. कर्ज चालू असेल तर बँक घरपट्टीचे पैसे हप्त्याबरोबर एस्क्रो खात्यात घेत असते. माफी मंजूर झाल्यावर बँकेला ते पत्र पाठवून हप्ता नव्यानं ठरवून घ्यावा, नाहीतर न लागणाऱ्या कराचे पैसे दरमहा जात राहतात. आणि राज्य बदललं तर सगळंच बदलतं. कॅलिफोर्नियात शंभर टक्केवाल्यालाही बिल शून्य होत नाही, ठरावीक किमतीपर्यंतच सूट असते. व्हर्जिनियात अपंगत्व शंभर टक्के आणि कायमस्वरूपी असावं लागतं. इलिनॉयमध्ये ७० टक्क्यांपासूनच मोठी सवलत सुरू होते.

टेक्सासात राहत्या घराच्या पूर्ण माफीसाठी ५०-११४ क्रमांकाचा अर्ज, अंशतः सुटीसाठी ५०-१३५. सोबत व्हीएचं पत्र आणि ओळखपत्र. ओळखपत्रावरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळायला हवा, होमस्टेडचे अर्ज तिथेच अडतात. घर घेतल्यावर टपालानं काही खाजगी कंपन्यांची सरकारी वाटावीत अशी पत्रं येतात, “शुल्क भरा, आम्ही सूट मिळवून देतो.” अप्रेझल डिस्ट्रिक्ट अर्जासाठी एक पैसाही घेत नाही.