गोठ्याची खोली आणि भिंतीची ओल

मनातल्या ओलाव्याचे मराठी माणसाला मोठे कौतुक. भिंतीतल्या ओलीचे मात्र कोणी करीत नाही. पुण्याच्या पेठांतून जे थोडे जुने वाडे उरले आहेत, तेथे ही ओल हमखास भेटते ती मागच्या गोठ्यात. गाई गेल्या, माणसे वाढली, तेव्हा 'गोठ्याची खोली करून टाकू' असे घरात ठरते. पहिल्याच पावसाळ्यात रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि पांढरा लोणा फुलतो.

पणतीतली वात जसे तेल ओढते, तशी भाजलेली वीट जमिनीतले पाणी वर ओढते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. गोठ्याच्या विटेने तर वर्षानुवर्षे गोमूत्र पचवलेले असते. त्यातून झालेले क्षार हवेतलाही दमटपणा शोषतात. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा पूर्वी गोठ्यांच्या जुन्या मातीतूनही काढीत, हे आठवले म्हणजे याचे नवल वाटत नाही.

शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले. त्याचा तट पाहा: खाली घडीव दगड, वर वीट. साध्या वाड्यांतही दगडी जोत्यामुळे वीट जमिनीपासून उंच राहते. गोठ्याला तो मान कुठला? त्याची वीट बहुधा जमिनीलगतच सुरू होते.

माझ्या आईचे गुडघे जिना चढेनात आणि तिला दम्याचाही त्रास, म्हणून आमच्याही गोठ्याची खोली करायचे ठरले. एका ठेकेदाराने सल्ला दिला, "आतून सिमेंटचा गिलावा, वर जलरोधक रंग. महिन्यात खोली तयार!" १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली मातीची घरे बसली, ते ऐकत वाढलेल्या पुणेकराला सिमेंटचा भरवसा वाटणे साहजिकच आहे. परंतु पुराचे पाणी वेगळे आणि रोज गुपचूप चढणारी ओल वेगळी. घट्ट गिलाव्यामागे कोंडलेले पाणी आणखी वर चढते, आणि भिंतीत पुरलेले लाकडी खांब कुजू लागतात. मग धोका एका खोलीपुरता राहत नाही.

आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने निराळाच क्रम सांगितला. आधी बाहेरचे पाणी तोडा: पन्हळ दुरुस्त करा, अंगणाचा उतार भिंतीपासून दूर न्या, भिंतीलगत साचलेली माती काढून बाहेरची जमीन आतल्या फरशीहून वीतभर खाली घ्या. मग जुना गिलावा खरवडा. लोणा कोरड्या कुंच्याने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा विटेत शिरतील. भिंत वाळू द्या. शेवटी चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग, म्हणजे उरलीसुरली ओल बाहेर पडायला वाट राहते.

इंचभर जाडीला एक महिना, असा वाळण्याचा ठोकताळा आहे. आमची भिंत दीड फुटाची, म्हणून दीड वर्ष थांबलो. आता आई खाली निजते. एका कोपऱ्यात लोणा अजून फुलतो. दिवाळीच्या साफसफाईत तेवढा गिलावा काढून नवा चुना लावतो.